वैद्यकीय संशोधनाच्या बातम्या वाचताना या चुका टाळा

'धोका दुप्पट' असं वाचून घाबरू नका. आधी विचारा, कशाच्या दुप्पट? १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो, असा सरकारी इशारा आला. प्रत्यक्षात प्रमाण ७,००० बायकांत १ वरून २ वर गेलं होतं. अनेकींनी धास्तीने गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपात वाढले. त्यात गरोदरपणात गुठळ्यांचा धोका गोळ्यांपेक्षा जास्त असतो! 'औषधाने धोका ५० टक्के घटला' ही बातमीही याच चाळणीतून काढा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती 'पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण वाढलं' या वाक्यात. समजा, एका माणसाचा कॅन्सरने सत्तराव्या वर्षी मृत्यू झाला. लक्षणं दिसल्यावर सदुसष्टाव्या वर्षी निदान झालं असतं, तर तो 'पाच वर्षं जगला नाही' या रकान्यात गेला असता. तोच आजार तपासणीत बासष्टाव्या वर्षी सापडला, तर तो 'जगलेल्यां'त मोजला जातो. मृत्यू मात्र सत्तरीलाच. आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही. रुग्ण म्हणून काढलेली वर्षं तेवढी वाढली.

म्हणून मृत्यू घटले का, ते बघा. दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफीमुळे २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरची निदानं १९९३ च्या १५ पट झाली, पण त्याने होणारे मृत्यू जवळपास तेवढेच राहिले. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अंडाशयाच्या कॅन्सरच्या चाचणीत आजार लवकर सापडला, तरी मृत्यू घटले नाहीत, असं २०२१ मध्ये दिसलं. याचा अर्थ तपासण्या फुकट असा मुळीच नाही. गर्भाशयमुखाच्या तपासणीत कॅन्सर होण्याआधीचे बदल सापडतात, ते काढता येतात आणि जीव वाचतात.

रिपोर्ट सुधारला म्हणजे रोगी सुधारला, हेही गृहीत धरू नका. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोक्यांची अनियमितता थांबवणारी काही औषधं ते काम चोख करत होती. १९८९ मध्ये कळलं की ती घेणाऱ्यांत मृत्यू उलट जास्त होते.

आणि हे तपासणीचे आकडे लक्षणं नसलेल्यांसाठी आहेत. गाठ लागत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर आकडेमोड बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. चालू गोळी मात्र बातमी वाचून परस्पर बंद करू नका.