मतमोजणीच्या टेबलावरची पहिली रात्र

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी मंडळींना मी एक काम आवर्जून सुचवते: मे महिन्यातल्या कौन्सिल (म्हणजे इथली स्थानिक पालिका) निवडणुकीच्या मतमोजणीचं. इथे मतदान यंत्र नाही. मतदार पेन्सिलीने चौकोनात फुली मारतो आणि त्या मतपत्रिका माणसं हाताने मोजतात. अर्ज कौन्सिलच्या निवडणूक विभागाकडे करायचा. नोकरीची परवानगी हवी आणि उमेदवाराचा प्रचार केलेला नसावा. (इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला या निवडणुकीत मतही देता येतं. नाव नोंदवा!)

रात्री 10 ला मतदान संपलं की पेट्या येऊ लागतात. पहिल्या फेरीत कुणाला किती मतं, हे बघायचंच नसतं. पेटीत मतपत्रिका किती निघाल्या ते मोजून केंद्रप्रमुखाच्या हिशेबाशी ताळा करायचा. मतपत्रिका कायम उताणी ठेवायची, कारण मागच्या बाजूला क्रमांक असतो आणि तो कुणाला दिसता कामा नये. समोर उमेदवारांचे प्रतिनिधी डोळ्यांत तेल घालून बघत असतात. त्यांना बघू द्या. हात आडवा धरू नका, घाईही करू नका.

माझ्या पहिल्या पेटीत एक मतपत्रिका कमी भरली. घाम फुटला. 25-25 चे गठ्ठे पुन्हा सोडले, तेव्हा एका घडीच्या आत दुसरी घडी अडकलेली सापडली. तेव्हापासून प्रत्येक घडी पूर्ण उलगडून, तळव्याने सपाट केल्याशिवाय मी पुढची उचलत नाही.

खरी कसोटी तीन जागांच्या वॉर्डात. तिथे एका मतदाराला तीन फुल्या मारता येतात. कुणी तिन्ही एकाच पक्षाला देतो, कुणी वाटून देतो. एका पक्षाला सगळी दिलेल्या मतपत्रिकांचे सरळ गठ्ठे होतात. वाटून दिलेल्या मतपत्रिका लांब पट्टीवर शेजारी-शेजारी, एकमेकींवर थोड्या चढवून अशा चिकटवतात की फक्त फुल्यांचे चौकोन दिसत राहावेत. मग प्रत्येक उमेदवाराची ओळ आडवी मोजत जायची. या पद्धतीला ‘ग्रास स्कर्ट’ म्हणतात. ती आधी एकदा कुणाच्या शेजारी बसून बघून घ्या. नुसतं ऐकून कळत नाही.

शंका आली की स्वतः निकाल लावायचा नाही, मतपत्रिका वेगळ्या ट्रेमध्ये टाकायची. जागांपेक्षा जास्त फुल्या, मतदाराची ओळख पटेल असं लिखाण, अधिकृत खूण नसणं, कोरी किंवा अर्थ न लागणारी मतपत्रिका: बाद होण्याची कारणं एवढीच. फुलीऐवजी बरोबरची खूण केली म्हणून मत जात नाही. कुणाला द्यायचं होतं ते स्पष्ट दिसायला हवं. तिघांपैकी एकच खूण संदिग्ध असेल तर बाकीची दोन मतं धरली जातात.

माझ्याकडे एक फुली आली होती, थरथरत्या हाताची. एक पाय खालच्या उमेदवाराच्या चौकोनात उतरलेला, पण दोन्ही रेघा एकमेकींना छेदत होत्या त्या वरच्या चौकोनात. मी ती ट्रेमध्ये ठेवली. मध्यरात्र उलटल्यावर अधिकाऱ्यांनी ती सगळ्या प्रतिनिधींसमोर धरली. कुणी हरकत घेतली नाही, आणि ते मत वरच्या नावावर जमा झालं.