शब्द पाठ आहेत, तरी रीडिंगमध्ये मार्क का जातात? या चुका टाळा

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या अ‍ॅकॅडमिक रीडिंगची तयारी करणाऱ्यांच्या वह्या बहुतेक सारख्याच दिसतात. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा एकच मराठी अर्थ, पानामागून पान. 'युबिक्विटस', 'एफेमरल', 'ऑब्फस्केट' तोंडपाठ असतात आणि 'द फाइंडिंग्ज आर सब्जेक्ट टू रिव्ह्यू' या साध्या वाक्याशी गाडी अडते. सब्जेक्ट म्हणजे विषय, मग इथे कसला विषय? (वाक्याचा अर्थ: निष्कर्षांची फेरतपासणी होऊ शकते.) या पेपरात अनोळखी शब्द जेवढा घात करतात, त्याहून जास्त घात ओळखीचे वाटणारे शब्द करतात. खालच्या बहुतेक चुका त्यातूनच निघतात.

पेपरचं स्वरूप एकदा डोळ्यांसमोर ठेवू. ६० मिनिटं, तीन उतारे, ४० प्रश्न. तिन्ही उतारे मिळून २१५० ते २७५० शब्द. उतारे पुस्तकं, मासिकं, नियतकालिकं, वृत्तपत्रं यांतून घेतलेले असतात आणि ते त्या विषयाच्या तज्ज्ञांसाठी नसतात, सर्वसाधारण वाचकासाठी असतात. म्हणून तांत्रिक शब्द आला तर त्याचा अर्थ बहुधा आजूबाजूलाच उलगडलेला असतो, नाहीतर शेवटी छोटी शब्दसूची दिलेली असते. डायनासोरच्या हाडाचं लॅटिन नाव माहीत नाही म्हणून कुणाचा मार्क जात नाही.

आधी दुखणं कुठे आहे ते शोधा

"माझी व्होकॅब्युलरी कच्ची आहे" हे वाक्य फार लवकर बोललं जातं. ते खरं आहे का, हे एका उताऱ्यात कळतं. तो उतारा तीनदा सोडवा. पहिल्यांदा घड्याळ लावून, २० मिनिटांत. उत्तरं तपासू नका. दुसऱ्यांदा वेगळ्या रंगाच्या पेनाने, हवा तेवढा वेळ घेऊन, पण शब्दकोशाशिवाय. तिसऱ्यांदा तिसऱ्या रंगाने, शब्दकोश उघडून. मग एकदम तिन्ही तपासा.

दुसऱ्या फेरीत जी उत्तरं सुधारली, तिथे अडचण वेगाची होती. तिसऱ्या फेरीत जी सुधारली, ती खरी शब्दांची. आणि शब्दकोश समोर असूनही जी चुकलीच, तिथे आणखी पाचशे शब्द पाठ केले तरी फरक पडणार नाही. तिथे वाक्याची रचना कळलेली नाही किंवा प्रश्न नेमकं काय विचारतोय तेच निसटलंय. कामाला लागण्यापूर्वी दोन-तीन उताऱ्यांवर हे करून बघाच. कंटाळवाणं आहे, पण चुकीच्या औषधावर महिने घालवण्यापेक्षा बरं.

यादीच चुकीची

जीआरई या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेसाठी बनवलेल्या 'कठीण शब्दां'च्या याद्या आयईएलटीएससाठी वापरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ते शब्द दिसायला भारदस्त, पाठ झाले की काहीतरी कमावल्यासारखं वाटतं. पण उताऱ्यात ते क्वचित भेटतात. जे वारंवार भेटतात ते वेगळेच.

न्यूझीलंडमधल्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ वेलिंग्टनमध्ये अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांचा अ‍ॅकॅडमिक मजकूर तपासून २००० साली 'अ‍ॅकॅडमिक वर्ड लिस्ट' प्रसिद्ध केली. तिच्यात ५७० शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपं) आहेत आणि अ‍ॅकॅडमिक मजकुरातले साधारण दहा टक्के शब्द त्यांतलेच असतात. यादीचे दहा गट आहेत, सर्वाधिक वापराचे शब्द पहिल्या गटात. असूम, डिराइव्ह, कॉन्स्टिट्यूट, इंडिकेट, व्हेरी, सिग्निफिकंट हे सगळे तिथलेच. लोक हा गट बघतात, "हे तर येतात" म्हणतात आणि थेट शेवटच्या गटांकडे वळतात. नेमकं उलटं करायला हवं. पहिल्या तीन-चार गटांतला प्रत्येक शब्द वाक्यात दिसल्या दिसल्या, न थांबता कळायला हवा.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. इंग्रजीतले सगळ्यात जास्त वापराचे सुमारे दोन हजार शब्द वाचकाला येतात हे गृहीत धरून ही यादी बनली आहे. मायकल वेस्ट यांनी १९५३मध्ये केलेल्या अशाच नेहमीच्या शब्दांच्या यादीतले शब्द तिच्यातून मुद्दाम वगळले आहेत. तो पायाच डळमळीत असेल तर आधी तिकडे लक्ष द्या. त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही. आणि शेती, पुरातत्त्व, प्राणी, हवामान अशा विषयांचे शब्द कुठल्याच सर्वसाधारण यादीत पुरेसे मिळत नाहीत, ते वाचता वाचताच गोळा होतात.

एक शब्द, एक अर्थ

मराठीत आपण दिवसभर इंग्रजी शब्द वापरतो, आणि इथेच गोची होते. त्या शब्दांचा आपल्याकडे एकच अर्थ रुळलेला असतो. 'पेशंट क्रिटिकल आहे' म्हटलं की गंभीर. पण 'अ क्रिटिकल फॅक्टर' म्हणजे निर्णायक घटक आणि 'अ क्रिटिकल रिव्ह्यू' म्हणजे चिकित्सक परीक्षण. दोन्हींत चिंतेचं काही नाही. डिसिप्लिन म्हणजे शिस्त हे पक्कं बसलंय, उताऱ्यात मात्र 'अक्रॉस डिसिप्लिन्स' येतं, म्हणजे निरनिराळ्या ज्ञानशाखांमध्ये. 'द लिटरेचर ऑन स्लीप' म्हणजे झोपेवरच्या कविता नव्हेत, झोपेवर आजवर झालेलं संशोधनपर लेखन. 'अ नॉव्हेल अप्रोच' हा कादंबरीशी संबंध नसलेला, नवा मार्ग. 'अ‍ॅड्रेस द प्रॉब्लेम' म्हणजे प्रश्नाला हात घालणं. 'शी आर्ग्यूज दॅट' मध्ये बाई कुणाशी भांडत नसतात, मुद्दा मांडत असतात.

सगळ्यात लबाड शब्द अकाउंट. तीन वाक्यं बघा. 'व्हीट अकाउंट्स फॉर हाफ द हार्वेस्ट': एकूण पिकात निम्मा वाटा गव्हाचा. 'द ड्रॉट अकाउंट्स फॉर द डिक्लाइन': घट झाली त्याचं कारण दुष्काळ. 'ट्रॅव्हलर्स' अकाउंट्स ऑफ द सिटी': प्रवाशांनी केलेली शहराची वर्णनं. वहीत 'अकाउंट = खातं' असेल तर तिन्ही ठिकाणी वाचक आंधळा. आणि वहीत तीन अर्थ ओळीने लिहून पाठ केले तरी फारसं साधत नाही, कारण परीक्षेत कुठला अर्थ लावायचा हे अर्थांची यादी सांगत नाही. ते शेजारचे शब्द सांगतात. पुढे 'फॉर' आणि मग आकडा किंवा हिस्सा आला तर वाटा. 'फॉर' नंतर एखादी घडलेली गोष्ट आली तर कारण. मागे माणसं आणि पुढे 'ऑफ' आलं तर वर्णन.

म्हणून वहीत सुटा शब्द लिहायचाच नाही. जिथे भेटला ते वाक्य, निदान त्याचा तुकडा, जसाच्या तसा उतरवायचा आणि अर्थ त्या तुकड्याचा लिहायचा. वही हळू भरेल. भरू द्या.

छोट्या शब्दांवरून नजर घसरते

ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन (विधान उताऱ्याशी जुळतं, त्याच्या विरुद्ध जातं की त्याबद्दल उताऱ्यात काही म्हटलंच नाही) या प्रश्नांत मोठा शब्द कळूनही उत्तर चुकतं, कारण निकाल छोट्या शब्दाच्या हातात असतो. 'अ फ्यू स्टडीज' म्हणजे काही अभ्यास आहेत. 'फ्यू स्टडीज' म्हणजे जवळपास नाहीतच. हार्डली, बेअरली, सेल्डम, फार फ्रॉम, फेल्ड टू यांच्यात 'नॉट' दिसत नाही, पण वाक्य नकाराकडे झुकलेलं असतं. 'द एव्हिडन्स सजेस्ट्स' म्हणजे पुरावा तसा इशारा देतो, सिद्ध करत नाही. प्रश्नात 'प्रूव्ह्ड' असेल तर तिथेच कान टवकारायला हवेत.

एक नमुना जवळून बघू. उताऱ्यात वाक्य आहे: 'अंटिल रिसेंटली, द वॉल्स वेअर असूम्ड टू हॅव बीन बिल्ट फॉर डिफेन्स.' प्रश्नातलं विधान: 'द वॉल्स वेअर बिल्ट टू कीप एनिमीज आउट.' डिफेन्स म्हणजे संरक्षण, एनिमीज म्हणजे शत्रू, जुळलं, लिहा ट्रू. शब्द सगळे येत होते, मार्क तरी गेला. 'अंटिल रिसेंटली' आणि 'असूम्ड' एकत्र आले की लेखक सांगतोय की लोक असं धरून चालले होते, आता गोष्ट बदलली आहे. उत्तर पुढच्या वाक्यात आहे. भिंती पुराचं पाणी अडवण्यासाठी बांधल्याचं आता सिद्ध झालंय असं तिथे म्हटलं असेल तर फॉल्स. संशोधकांनी नुसती शंका घेतली असेल आणि निकाल लावला नसेल तर नॉट गिव्हन. असूमचा अर्थ 'गृहीत धरणे' एवढा पाठ असणं पुरत नाही. लेखकाने हा शब्द वापरला म्हणजे त्याने स्वतः ते मत स्वीकारलेलं नाही, हेही त्याच्या अर्थात धरायला हवं.

समानार्थी शब्दांच्या जोड्या

'बिग = लार्ज = ह्यूज' अशा जोड्यांचे तक्ते पाठ केले जातात, कारण 'परीक्षेत सिनॉनिम विचारतात' असं कुणीतरी सांगितलेलं असतं. अर्धसत्य आहे. प्रश्नात शब्दाला शब्द क्वचितच बदललेला असतो, बदललेलं असतं आख्खं वाक्य. उताऱ्यात 'द इनिशियल एन्थुझिअ‍ॅझम फॉर द मेथड डिड नॉट लास्ट' आणि प्रश्नात 'पीपल सून लॉस्ट इंटरेस्ट इन द टेक्निक'. मेथड-टेक्निक ही जोडी तक्त्यात सापडेल. पण 'टिकला नाही' आणि 'लवकरच गमावला' ही जोडी कुठल्या तक्त्यात सापडणार?

उलट, प्रश्नातला शब्द उताऱ्यात जसाच्या तसा दिसला तर जरा सावध व्हा. बहुपर्यायी प्रश्नांत चुकीच्या पर्यायात उताऱ्यातलेच शब्द पेरलेले आढळतात.

सोडवून झालेला उतारा म्हणून टाकून देऊ नका. प्रत्येक प्रश्नासाठी दोन रकाने करा: प्रश्नात कसं म्हटलंय, उताऱ्यात कसं म्हटलंय. माझ्या मते ही वही बाजारातल्या कुठल्याही तयार यादीपेक्षा जास्त कामाची.

शब्द फोडून अर्थ लावणं

उपसर्ग-प्रत्यय ओळखता आले तर मदत होतेच. व्हेरी, व्हेरिएशन, व्हेरिअ‍ॅबल, इनव्हेरिअ‍ॅबली हे एकाच घरातले, हे कळलं की इनव्हेरिअ‍ॅबली म्हणजे 'न बदलता, दरवेळी' इथपर्यंत पोचता येतं. पण फोडून काढलेला अर्थ वाक्यात बसवून पाहिल्याशिवाय त्यावर भरवसा नको. इनव्हॅल्युएबल म्हणजे बिनमोलाचा खरा, पण टाकाऊ या अर्थाने नव्हे, अनमोल या अर्थाने. इनडिफरंट म्हणजे 'वेगळा नसलेला' नव्हे, बेफिकीर.

थांबणं, घोकणं, स्पेलिंग

वाचताना प्रत्येक अनोळखी शब्दापाशी थांबायची सवय असेल तर सराव दोन प्रकारचा ठेवा. शब्द शिकण्यासाठीचं वाचन निवांत, शब्दकोशासह. परीक्षेसारखं वाचन घड्याळ लावून, आणि त्यात शब्द अडला तर एकच प्रश्न विचारायचा: याच्यावर काही विचारलंय का? नसेल तर पुढे.

उजळणीच्या नावाखाली यादी पुन्हा पुन्हा वाचणं फसवं असतं. डोळ्यांना ओळखीचं वाटतं म्हणजे आठवतं असं नाही. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५मध्येच विसरण्याचा आलेख मांडला होता: शिकल्यानंतर सुरुवातीला झपाट्याने विसरतो, मग वेग कमी होतो. त्यामुळे पहिली उजळणी लवकर, पुढच्या हळूहळू लांबवत नेलेल्या, आणि दरवेळी अर्थ झाकून स्वतःला विचारायचं. अंकीसारखं उजळणीच्या कार्डांचं अ‍ॅप हे वेळापत्रक सांभाळतं. कार्डाच्या पुढच्या बाजूला मात्र सुटा शब्द नको, वाक्याचा तुकडा हवा. रोज इतकेच नवे शब्द घ्या की जुन्यांची उजळणी तुंबणार नाही. प्रत्येक शब्दावर स्वतःची वाक्यं रचत बसायची रीडिंगसाठी गरज नाही. ती मेहनत रायटिंगसाठी राखून ठेवा.

रिकाम्या जागा भरताना शब्द उताऱ्यातून उचलायचा असेल तर तो बघून उतरवा, आठवून नको. स्पेलिंग चुकलं की मार्क गेला, एकवचन-अनेकवचनाचंही तेच. 'नो मोर दॅन टू वर्ड्स' म्हटलं असेल तर तिसरा शब्द लिहिताच उत्तर बाद. मध्ये हायफन असलेला जोडशब्द एकच धरला जातो. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा कोरी जागा सोडू नका.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली असेल तर नवी यादी उघडू नका. आधी सोडवलेले उतारे पुन्हा काढा आणि ते दोन रकाने भरा. ज्या प्रश्नांची उत्तरं चुकली होती, त्यांच्या वाक्यांतले छोटे शब्द अधोरेखित करा, आणि रोज घड्याळ लावून एक नवा उतारा सोडवा.