काळ्या मातीत कोणतं फुलझाड लावावं?

आर्द्रा लागल्या की इंदुरात रोपवाटिकांपुढे गाड्यांची रांग लागते आणि माणूस फूल बघून रोप उचलतो. त्याआधी घरची माती बघा. माळव्याची काळी माती मे महिन्यात बोट जाईल इतकी भेगाळते आणि जुलैत पाणी धरून बसते. आपली झाडं मरतात ती बहुधा पावसाळ्यात, मुळं कुजून. उन्हाचं उगाच नाव होतं.

फूटभर खोल खड्डा करा, काठोकाठ पाणी भरा, जिरलं की पुन्हा भरा. सकाळी पाणी उभंच असेल तर तिथे खड्ड्यात रोप लावू नका. जमिनीवर फूटभर उंच वाफा घाला: निम्मी माती, बाकी भरड मुरूम आणि मुरलेलं शेणखत. ‘पग-पग नीर’ हे माळव्याचं कौतुक खरं, पण मोगऱ्याला ते मानवत नाही. एवढी खटपट नको असेल तर त्या ओल्या कोपऱ्यात कर्दळ लावून मोकळे व्हा.

पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीशी बोगनवेल. तिला लाडानं रोज पाणी घातलंत तर नुसती पानं येतील. कण्हेरही तिथे टिकते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी. घरात लहान मूल असेल तर ती टाळा. पारिजातक उन्हाळ्यात पानं टाकतो, मेला समजून उपटू नका.

मोगऱ्याला निदान सहा तास ऊन हवंच. आंब्याच्या सावलीत तो हिरवागार राहील, गजऱ्यापुरतीही फुलं देणार नाही. जानेवारीत पाणी तोडा, छाटणी करून जुनी पानं उतरवा, फेब्रुवारीत खत-पाणी सुरू करा. मग चैत्रात कळ्या मोजा.

अनंत मी हौसेनं दोनदा जमिनीत लावला, दोन्ही वेळा गेला. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, आणि बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. एक्झोऱ्याचंही तेच. ही दोन्ही झाडं कुंडीतच ठेवा, जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी द्या. पिवळेपणा दिसला तर लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट, फवारणी संध्याकाळी.

बाहेरगावाहून आलेल्या बऱ्याच रोपांच्या मुळांशी चिकट लाल मातीचा गोळा असतो. तो तसाच काळ्या मातीत गाडला तर मुळं आतल्या आत फिरत राहतात. पिशवी कापा, गोळा बादलीत भिजवून कडा बोटांनी हलक्या मोकळ्या करा, गुंडाळलेली मुळं सोडवा. आणि ऐन चिखलात लावू नका. दोन दिवसांची उघडीप मिळू द्या. मुठीत दाबलेली माती सोडल्यावर फुटली की लागवड करा.