बाटलीवरचं वासरू पेंडीवर कसं आणायचं

वासरू दोन महिन्यांचं झालं की दूध बंद, असं आमच्या निपाणी-चिकोडी भागात बरेच जण करतात, मी पण केलंय. डेअरीला तेवढंच दूध जास्त जाईल म्हणून पहिल्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाची विदेशी जात) पाडीचं दूध एका दिवसात तोडलं, आणि पंधरा दिवसांत तिचं पोट खाली सुटलं, बरगड्या दिसायला लागल्या, केस राठ. ती पेंड किती खातीय ते मी बघितलंच नव्हतं.

सुरुवात पहिल्या आठवड्यातच करायची, चिकाचे दिवस संपले की. मूठभर काफ स्टार्टर, म्हणजे लहान वासरांची खास पेंड, पुरे. बाटली संपली तरी वासराची जीभ निप्पल शोधत असते बघा, तेव्हाच ओल्या बोटांना स्टार्टर लावून तोंडात द्या. पहिल्यांदा थुंकतंय, नाकाला चिकटवून घेतंय, चार-पाच दिवसांनी तेच नाक चाटायला लागतं. घमेल्यातलं उरलेलं रोज काढून गाईला टाका, आंबलेलं वासरू हुंगून सोडतंय.

पाणी मात्र बादलीत कायम पाहिजे. दूध पितंय की मग पाणी कशाला, हा मोठा गैरसमज. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात; चोखलेलं दूध थेट चौथ्या कप्प्यात जातं, बादलीतलं पाणी पहिल्या कप्प्यात, आणि पेंड आंबायला तिथंच पाणी लागतं. त्या आंबण्यातूनच पोटाच्या आतली लव वाढते. शेजारचे कानडी मामा तर पेंडीचं विचारलं की एवढंच म्हणायचे, "मोदल नीर कुडसू", आधी पाणी पाज!

वैरणीचं म्हणाल तर बारीक केलेला कडबा थोडाच. साखर कारखाने चालू झाले की वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, फुकटात मिळतंय म्हणून वासरापुढं ढीग टाकू नका, नुसतं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. मोठ्या जनावरांची युरियावाली गोळी पेंड तर अजिबात नको.

आता दूध कधी तोडायचं? एकच डबा ठरवा, त्यानं मोजून घाला. सलग तीन दिवस रोज किलोभर स्टार्टर संपला की तयार समजा, संकरित वासराला साधारण आठ ते दहा आठवडे लागतात, कमी खात असेल तर थांबा. मग आधी संध्याकाळची बाटली बंद, सकाळची आठवडाभर चालू, नंतर तीपण हळूहळू कमी करत बंद. त्याच आठवड्यात शिंगं जाळणं, जागा बदलणं असलं काही काढू नका. रेडकू असेल तर जंताचं औषध डॉक्टरांना विचारून वेळेत द्याच, जंत असले की खाल्लेलं अंगी लागत नाही.

दूध सुटलं की वासरं एकमेकांचे कान नाहीतर बेंबी चोखत बसतात, म्हणून थोडे दिवस लांब-लांब बांधा आणि बाटलीच्या टायमालाच ताजी पेंड घाला, ओरडणं पण कमी होतं.