दुप्पट वेगाने पाहिलेला कोर्स रिव्ह्यूत उघडा पडतो: या चुका टाळा

परदेशी विद्यापीठाशी जोडलेल्या डिझाइनच्या अभ्यासक्रमात ऑनलाइन कोर्स आता आलेच. बेळगावात दरवर्षी नवी मुलं त्याच चुका करताना बघून जीव तुटतो, म्हणून लिहितोय.

सगळ्यात वाईट खोड दुप्पट वेगाची. बारा आठवड्यांचा कोर्स चार रात्रींत उरकायचा आणि त्यातला साचा उचलून आपल्या प्रोजेक्टवर चिकटवायचा. आमच्या एका बॅचला विषय होता विणकरांच्या कामाची जागा. मुलांनी कोर्समधल्या साच्यात एक विणकर बाई रंगवली. नाव, वय, अडचणी, सगळं टेबलावर बसून. प्रोजेक्टच्या ऑनलाइन रिव्ह्यूत इटलीच्या प्राध्यापक बाईंनी एवढंच विचारलं, "धागा तुटला की त्या काय करतात?" चौघंही गप्प. आणि बेळगावातल्याच वडगावचे माग रिक्षाच्या अंतरावर!

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन वडगावला गेलो. एकाने कोर्समधला प्रश्न तसाच मराठीत विचारला, "मावशी, तुम्हाला काय अडचणी येतात?" "काय नाही बघ बाळा." मग मी विचारलं, "मावशी, काल सकाळपासून काय काय केलंत?" पाऊण तास बोलल्या. मागावर दिवा दोरीला टांगलेला होता. धागा तुटला की दोरी सैल करून दिवा खाली घ्यायचा, गाठ मारायची, दिवा परत वर. मुलांनी ती दोरी वहीत काढली आणि प्रोजेक्ट तिथून सुरू झाला. तेव्हापासून माझ्याकडे नियम एकच: कोर्सचा एक व्हिडिओ झाला की त्यातलं काहीतरी बाहेर जाऊन करून बघायचं, मगच पुढचा. घाई असलेल्यांना हे पटत नाही. मी ऐकत नाही.

दुसरा घोळ क्रेडिटचा. सर्टिफिकेट हातात आलं म्हणजे क्रेडिट जमा झालं असं नाही. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून, म्हणजे स्वयम्‌वरून घेता येतात, पण आपल्या विद्यापीठाने ते मान्य केलेले हवेत. आयआयटींच्या एनपीटेल कोर्सचं सर्टिफिकेट हवं तर असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि केंद्रावरच्या परीक्षेत ७५ पैकी ३०, दोन्ही लागतात. युरोपात एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, त्यामुळे तिकडचे तीन म्हणजे इकडचे तीन असं धरून चालू नका. नाव नोंदवण्याआधीच विभागाकडून लेखी होकार घ्या.

तिसरी चूक ऑनलाइन रिव्ह्यूच्या वेळेची. युरोपातली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. इटलीशी आपला फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार.

रिव्ह्यूची फाइल आदल्या संध्याकाळीच पाठवा. खानापूरकडच्या पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

आणि मावशींचा फोटो परदेशी टीमला पाठवण्याआधी त्यांना विचारा. मी एक प्रिंट काढून त्यांना नेऊन देतो.