रोव्हरवरची उंची आणि पाण्याची उंची

पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट, हे सांगलीत लहान पोरही सांगतं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आम्ही घर सोडून मिरजेला मावशीकडे राहत होतो. तिथे बसून पहिल्यांदा विचार केला, की आमच्या गल्लीत पाणी नक्की कितव्या फुटाला येतं, आणि शेजारच्या गल्लीत उशिरा का? हा प्रश्न भूगणिताचा आहे, ज्याला आपण जिओडेसी म्हणतो, हे कळायला पुढची तीन वर्षं गेली.

टोटल स्टेशन, आरटीके, ऑटोकॅड ही सर्व्हेची साधनं तुम्हाला येतात असं धरून लिहितेय. एकाच गोष्टीवर सविस्तर बोलायचंय, कारण तिच्यात मी पुरती अडकले होते.

काम जत तालुक्यातलं. उपसा योजनेचं पाणी पुढे उताराने न्यायचं, सुमारे २२ किलोमीटरची लाइन, उतार ५००० ला १. म्हणजे किलोमीटरमागे फक्त २० सेंटिमीटर. मी सुरुवातीच्या बेंचमार्कवर (उंची ठरवून कोरलेली खूण) रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा आणि उंची मोजणारं यंत्र, ठेवला, त्याची उंची आणि बेंचमार्कची उंची यांतला फरक काढला आणि तोच आकडा शेवटपर्यंत सगळ्या पॉइंटना जोडला. सीनियर म्हणाले होते, "एकच शिफ्ट मार आणि पुढं चल." मी चालले.

आता नीट वाचा. रोव्हर जी उंची देतो ती इलिप्सॉइडपासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची. पाणी त्या आकाराला जुमानत नाही, ते गुरुत्वाकर्षणाप्रमाणे वाहतं. त्याच्या हिशेबाची पातळी म्हणजे जिऑइड. शांत समुद्राची पातळी जमिनीखालून तशीच पुढे नेली तर जी मिळेल, ढोबळमानाने ती. आपल्याकडे हा जिऑइड इलिप्सॉइडच्या ६० मीटरहून जास्त खाली आहे. म्हणून समुद्रसपाटीपासून ५५० मीटरवर असलेली सांगलीतली जागा रोव्हरवर ५०० च्याही खाली दिसते. एवढा मोठा फरक कोणाच्याही डोळ्यांत भरतो, त्यात कोणी फसत नाही. फसवतं ते पुढचं: हा फरक सगळीकडे सारखा नसतो. जिऑइड स्वतःच तिरका आहे. दोन-तीन किलोमीटरच्या साइटवर एक शिफ्ट खपून जाते, २२ किलोमीटरवर नाही.

आमच्याकडे स्टाफ (उंची वाचायची उभी पट्टी) धरणारे एक मामा होते. पस्तीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या कामांवर काढलेली. ते म्हणाले, "ताई, त्या टोकाकडनं लेव्हल लावत येऊ या. दोन-चार दिस जातील, पर खात्री हुईल." तिथल्या ओढ्याच्या पुलाच्या कठड्यावर जुना बेंचमार्क होता. त्यावर चुन्याचे थर चढलेले. मामांनी रुपयाच्या नाण्याने ते खरवडले तेव्हा कोरलेला बाण दिसला. तिथून ऑटो लेव्हलने, म्हणजे आडव्या नजरेने उंचीतला फरक मोजणाऱ्या दुर्बिणीने, मागे येत गेलो. माझ्या पॉइंटशी ५८ सेंटिमीटर जुळेनात. मी मामांच्या स्टाफचा बबल (पट्टी सरळ उभी आहे का ते दाखवणारा) तीनदा तपासला, त्यांच्यावर चिडले, सगळं परत घ्यायला लावलं. पुन्हा ५८.

५८ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ तीन किलोमीटरचा उतार. तसंच खोदलं असतं तर शेवटच्या चाऱ्यांवरच्या डाळिंबवाल्यांना पाणी पोचलंच नसतं, आणि दोष त्यांनी योजनेला दिला असता. त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. तीन आठवडे काम परत झालं, बोलणी बसली, पण नोकरी राहिली. चूक सापडली तर त्याच दिवशी सांगा. सांगितल्यावर वाटतं तेवढं आभाळ कोसळत नाही.

लांब लाइनवर ईजीएम २००८ सारखं, जागोजागचा हा फरक देणारं जिऑइड मॉडेल वापरा आणि तरीही दोन्ही टोकांना व मध्ये, अशा किमान तीन बेंचमार्कशी काम जोडून घ्या. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स नेटवर्कवरून (कायमच्या उपग्रह-मापन केंद्रांचं जाळं) मिळणारी उंचीही इलिप्सॉइडचीच असते, हे विसरू नका. फील्डबुकात प्रत्येक उंचीपुढे ती कशापासूनची ते लिहा. जुन्या टोपोशीट (सरकारी नकाशे) एव्हरेस्ट या वेगळ्या, जुन्या इलिप्सॉइडवर आहेत, ते वेगळं दुखणं, पण सॉफ्टवेअर सांभाळून घेतं.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी शाश्वत विकासासाठी जागतिक भूगणितीय संदर्भ चौकटीचा ठराव केला. वाचताना तो दूरचा वाटतो. पण कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात ५१९.६० मीटरपर्यंत पाणी ठेवायचं की वर, हा वाद आपल्या दाराशी आहे. पूररेषेची निळी आणि लाल रेषा कोणाच्या घरावरून जाते, हेही उंचीच ठरवते. शून्य कुठे धरलं हे एकमेकांना माहीत नसेल, तर अशा वादात आकड्यांना अर्थ उरत नाही.

तीन महिन्यांत जीआयएस (संगणकावरचं नकाशांचं काम) शिकवणाऱ्या क्लासला पैसे घालू नका, हे माझं ठाम मत. बटणं यूट्यूबवर मिळतात. मार्गदर्शक निवडायचा तर ज्याने कडक उन्हात क्लोजिंग एरर (मोजत परत सुरुवातीला आल्यावर उरणारा फरक) शोधलीय असा निवडा, पदवी नंतर बघा. गणिताची भीती मलाही होती, बारावीची त्रिकोणमिती आणि लीस्ट स्क्वेअर्सची (मोजण्यांतल्या चुका हिशेबाने वाटायची रीत) चिकाटी एवढ्यावर बरंच निभावतं. पुढे जायचं तर २०२२ पासून गेटला (इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) जिओमॅटिक्सचा, म्हणजे याच मोजणी-नकाशाच्या विषयाचा, वेगळा पेपर आहे. आयआयटी कानपूरला राष्ट्रीय भूगणित केंद्रही आहे. जागा थोड्या आहेत, पण अर्ज करणारेही अजून थोडेच.

आणि कॉलेजची ऑटो लेव्हल कपाटात पडून असते, मागितली तर देतात. एक मित्र स्टाफ धरायला घ्या आणि आपल्या उंबरठ्यापासून आयर्विनच्या फुटपट्टीपर्यंत लेव्हल लावत जा. परतही या, क्लोजिंग बघा. पुराचं पाणी सपाट नसतं, फुगवट्याने थोडं मागेपुढे होतं, तरी आमचा उंबरठा ४९ फुटांना येतो. शेजारची गल्ली ५१ ला.