म्युटेशन म्हणजे नेमकं काय? कागद-पेन घेऊन बसा, समजेल

म्युटेशन म्हटलं की बऱ्याच जणांना थेट कॅन्सरच आठवतो, म्हणून आधीच सांगतो, म्युटेशन म्हणजे डीएनएमध्ये, म्हणजे पेशीत लिहिलेल्या शरीराच्या सूचनांमध्ये, झालेला बदल. प्रत्येक बाळ आईबाबांकडे नसलेली साधारण 60-70 नवी म्युटेशन घेऊनच जन्माला येतं आणि त्यातल्या बहुतेकांनी काहीच बिघडत नाही.

आता कागदावर लिहा: मदन सरळ गवत उपट. सगळे शब्द तीन अक्षरी. डीएनएमध्ये अक्षरं चारच, ए टी जी सी, आणि प्रोटीन बनवताना पेशी ती अशीच तीन-तीन करून वाचते, एका तिकडीला एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनच्या साखळीतला एक मणी.

आता 'द' खोडून तिथे 'ग' लिहा. मगन सरळ गवत उपट. वाक्य नीट आहे पण काम भलत्याच माणसाकडे गेलं ना? सिकल सेल या रक्ताच्या आजारात हेच होतं. हिमोग्लोबिन (रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं प्रोटीन) बनवण्याची सूचना असलेल्या डीएनएच्या एका तुकड्यात, म्हणजे जीनमध्ये, जीएजी चं जीटीजी होतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं आणि ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात. सुमारे 3 अब्ज अक्षरांत फक्त एक बदललं, मला तर हे अजूनही थक्क करतं. पण हाच बदल आईबाबांपैकी एकाकडूनच आला असेल तर माणूस सहसा ठणठणीत असतो, उलट गंभीर मलेरियापासून त्याला थोडं संरक्षण मिळतं. म्हणून म्युटेशन चांगलं की वाईट असं नुसतं विचारू नका, कुठल्या जीनमध्ये आहे आणि एका प्रतीत की दोन्ही, ते विचारा.

आता 'ग' न लिहिता 'द' नुसताच खोडा आणि परत तीन-तीन वाचा: मनस रळग वतउ पट. पुढचं सगळंच बोंबललं, याला फ्रेमशिफ्ट म्हणतात. याउलट जीएए चं जीएजी झालं तर अमिनो आम्ल तेच राहतं, म्हणजे बहुतेक वेळा काही कळतही नाही.

अजून एक, उन्हाने त्वचेच्या पेशीत झालेला बदल मुलांना जात नाही, बीजांड किंवा शुक्राणूतला जाऊ शकतो.

आणि जेनेटिक टेस्टच्या रिपोर्टमध्ये 'व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स' दिसलं तर प्लीज घाबरू नका, त्याचा अर्थ आजार आहे असा नाही, बदल सापडलाय पण तो घातक की निरुपद्रवी हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही एवढाच आहे, फक्त त्यावरून कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका आणि जेनेटिक काउन्सेलरला विचारा की हे वर्गीकरण परत कधी तपासायचं.